चौथी काच

माझ्या गाडीची पुढची काच अकरा महिन्यांत चार वेळा तडकली. तिसऱ्या वेळी आईबाबा माझ्याकडे होते. त्या वेळी मी बाबांचं ऐकलं असतं तर चौथी तडकली नसती. पण दुःख काचेचं नाही.

मी अपर्णा रामटेके. मूळची नागपूरची, गेली नऊ वर्षं डेट्रॉइटजवळ नोव्हायमध्ये आहे. गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. सांगाडा वेल्ड होऊन बाहेर आला की त्याची मापं बरोबर आली का, कुठे किती फरक पडला, हे बघणं माझं काम. ही गाडी मी दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात घेतली. गडद निळी, कोरी, शोरूममधून बाहेर पडली तेव्हा मीटरवर अकरा मैल होते. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा ते म्हणाले, "दरवाजा लावून दाखव." मी दरवाजा लावला. तो आवाज ऐकून त्यांनी मान डोलावली.

पहिली काच जानेवारीत गेली. हायवेवर मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या मागे होते. ऑफिसला पोचल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ दिसली, संध्याकाळपर्यंत ती आरशाखाली गेली. मिशिगनच्या हिवाळ्यात खडे उडतात, काचा तडकतात, लोक बदलून घेतात. मीही घेतली. एप्रिलमध्ये दुसरी गेली, तीही गाडी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभी असताना. शेजारी गवत कापत होते, तिथून खडा आला असेल असं मी धरून चालले. शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर ब्रायन नावाचा माणूस होता. तो म्हणाला, खडाच असणार, खडा वॉरंटीत बसत नाही.

जूनमध्ये आईबाबा आले. बाबा, म्हणजे ज्ञानदेव रामटेके, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. तिथल्या बॉडी शॉपमध्ये ते एकतीस वर्षं काचा बसवत होते. बसच्या काचेला भोवती जाड रबर असतं. त्या रबराच्या खाचेत दोरी घालायची, दोघांनी काच बाहेरून टेकवायची, आणि आतल्या माणसानं हळूहळू दोरी ओढत जायचं, म्हणजे रबर पत्र्यावर चढत जातं. आत दोरी ओढणारा माणूस म्हणजे बाबा. लहानपणी मी डबा द्यायला जायची तेव्हा ते रिकाम्या चौकटीतून मला हात करायचे.

जुलैत एका शनिवारी आम्ही तिघं किराणा आणायला गेलो होतो. अर्ध्या तासानं पिशव्या घेऊन बाहेर आलो, तर काचेवर हातभर रेघ.

मी वैतागून फोन काढला. बाबांनी पिशवी आईकडे दिली आणि काचेशी वाकले. त्यांनी रेघेवरून नख फिरवलं, खालपासून वर, मग वरून खाली. मग म्हणाले, "पेन दे."

पेनाचं टोक त्यांनी रेघेवरून अगदी हळू नेलं.

"खडा नाही लागला," ते म्हणाले. "खडा लागला असता तर कुठंतरी टोक अडकलं असतं. आधीच्या दोन काचांचे फोटो आहेत का तुझ्याकडं?"

इन्शुरन्ससाठी काढलेले फोटो होते. ते त्यांनी तिथंच उन्हात, डोळ्यांवर हात धरून बघितले. तिन्ही रेघा एकाच कोपऱ्यातून निघाल्या होत्या, खालून चार बोटांवर.

"काच खराब नाही बेटा. खालून तिला काहीतरी टोचून राहिलं. पत्र्यात उंचवटा आहे. दहा काचा बदलल्या तरी तिथूनच जाईल. काच काढली की आधी पत्र्यावरून हात फिरवायला लाव."

मी म्हटलं, "बाबा, या गाड्या रोबोट वेल्ड करतात. असे उंचवटे राहत नाहीत आता. मी हेच काम करते ना."

"हो," ते म्हणाले. "ते आहेच."

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही चैत्रालीकडे जेवायला गेलो. चैत्राली माझी ऑफिसातली मैत्रीण, पुण्याची. तिनं आग्रहानं आईबाबांना बोलावलं होतं. आणि इथं मला मागची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

मी नोव्हायला नवी होते तेव्हा मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात चैत्रालीच्या घोळक्यात बसले होते. आडनाव विचारलं गेलं. ते सांगितल्यावर "मूळ कुठले तुम्ही?" हा प्रश्न आला, जरा वेगळ्या आवाजात. हा आवाज मला शाळेपासून ओळखीचा आहे. मी नागपूर म्हटलं. मग कुणीतरी विचारलं, वडील काय करतात. कुणाचे प्राध्यापक होते, कुणाचे बँकेत मॅनेजर. मी म्हटलं, "एसटीत इंजिनियर होते." तोंडातून निघून गेलं. त्या लोकांनी मान हलवली आणि विषय बदलला. इतकं सोपं होतं ते. पुढे नऊ वर्षं ते तसंच राहिलं. चैत्राली जवळची मैत्रीण झाली, तरी मी ते दुरुस्त केलं नाही.

तर त्या संध्याकाळी पुऱ्या वाढत असताना चैत्रालीचा नवरा संजय बाबांना म्हणाला, "काका, तुम्हीपण मेकॅनिकलच ना? अपर्णा म्हणाली होती, एसटीत इंजिनियर होतात. कॉलेज कुठलं तुमचं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यांची मान वळली तेव्हा मला वाटलं, आता ते हसून म्हणतील, नाही हो, मी तर काच फिटर. ते म्हणाले असते तर मी मेले असते आणि सुटलेही असते.

"फार जुनी गोष्ट आहे ती," बाबा म्हणाले. "आता काही आठवत नाही."

संजय हसला. म्हणाला, आमच्या बाबांचंही तसंच झालंय. आई ताटात बघत पुरीचे तुकडे करत राहिली. तिनं त्यातला एकही खाल्ला नाही.

घरी आल्यावर बाबांनी चपला काढून नीट एका रेषेत ठेवल्या आणि म्हणाले, "चांगली माणसं आहेत." मी माफी मागायला हवी होती. मी विचारलं, दूध घेता का. ते नको म्हणाले.

सोमवारी मी गाडी शोरूमला नेणार होते. बाबा म्हणाले, "मीपण येतो." मला नको होतं, पण कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

ब्रायन टॅब्लेट घेऊन बाहेर आला. मी त्याला सांगितलं, ही तिसरी काच आहे, तिन्ही एकाच कोपऱ्यातून गेल्यात. मी इंजिनियर आहे, बॉडीच्या मापांचंच काम करते, हेही सांगितलं. तो दोन सेकंद वाकला. म्हणाला, "खडाच आहे. कधी कधी खूण दिसत नाही."

बाबा तोवर गाडीपाशी उकिडवे बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल. एक बोट त्यांनी कोपऱ्यावर ठेवलं होतं. "त्याला म्हण," ते म्हणाले, "काच काढल्यावर इथं पत्र्यावरून हात फिरव. एवढंच म्हण."

मी ब्रायनला म्हटलं, माझ्या वडिलांना वाटतंय की खाली पत्र्यात काही दोष असेल.

ब्रायननं त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर टिंगल नव्हती. खरंच कुतूहल होतं. "तुझे वडील या धंद्यातले आहेत का?" त्यानं विचारलं.

ब्रायनपासून लपवण्यासारखं काहीच नव्हतं. त्याला आडनाव कळत नव्हतं, एसटी माहीत नव्हती. मी हो म्हटलं असतं तर त्यानं कदाचित आतल्या बॉडीच्या माणसाला बोलावलं असतं. पण खोट्याची सवय लागते. शिवाय बाबा तिथं जमिनीवर उकिडवे बसले होते, आणि मी नुकतंच म्हणाले होते की मी इंजिनियर आहे.

"नो," मी म्हटलं. "ही इज जस्ट व्हिजिटिंग."

ब्रायन हसला, बाबांना "वेलकम" म्हणाला आणि टॅब्लेटवर काहीतरी लिहून आत गेला.

"काय विचारत होता तो?" बाबांनी विचारलं.

"विचारत होता, अमेरिकेत पहिल्यांदाच आलात का."

"हो म्हणायचं होतं," बाबा म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पँटची धूळ झटकत राहिले, धूळ नव्हती तरी.

तिसरी काच बदलली. पुढचे दोन महिने बाबांनी काचेचा विषय काढला नाही. सकाळी ते फिरायला जायचे, दुपारी आईला भाज्या चिरून द्यायचे, नागपूरच्या मित्रांशी फोनवर बोलायचे. पूर्वी फोन उचलताना ते मोठ्यानं "जय भीम" म्हणायचे. आता मी घरात असले की बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन बोलायला लागले. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून स्वतःच ठरवलं.

सप्टेंबरअखेर ते दोघं परत गेले. विमानतळावर आईनं मला पोटाशी धरलं. बाबा ट्रॉली धरून उभे होते. "पुढच्या वेळी काच काढली की पत्रा पाहजो," ते म्हणाले. जुलैनंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, "हो बाबा, बघते." ते आत गेले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई फोनवर रडली नाही. नुसतं सांगत होती, कुठल्या दवाखान्यात आहेत, किती वाजता नेलं, शेजारच्या रेणूनं गाडी काढली म्हणून बरं. मी तिकीट बघायला लागले. माझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन तेव्हा अडकलेलं होतं. कंपनीच्या वकिलानं सांगितलं, मंजुरी येईपर्यंत देश सोडू नकोस, परत येता येणार नाही. मी आईला म्हटलं, सगळं सोडून येते. आई म्हणाली, "नोकरी सोडून इथं येऊन काय करशील? औषधं तुझ्याच पगारात येऊन राहिली." मी थांबले.

डिसेंबरच्या पहिल्या कडाक्याच्या थंडीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, चौथी काच तडकली. त्याच कोपऱ्यातून.

या वेळी मी शोरूमला गेले नाही. गावाबाहेर एका म्हाताऱ्याचं छोटं गॅरेज आहे, तो फक्त काचा बसवतो. वॉल्ट त्याचं नाव. गाडी आत घेतल्यावर मी त्याला म्हटलं, "काच काढल्यावर या कोपऱ्यात पत्र्यावरून हात फिरवाल का?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"वडिलांनी."

तो कामाला लागला. काच काढली, जुना चिकट थर पात्यानं खरवडला, हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी चौकटीवरून हात फिरवायला लागला. कोपऱ्यात आल्यावर थांबला. मग मला बोलावून माझं बोट धरून तिथं टेकवलं.

मसुराच्या दाण्याएवढा उंचवटा होता. वेल्डिंगचा थेंब उडून तिथं गोठला असणार, वरून रंग चढलेला. डोळ्यांना दिसत नव्हता. मी ऑफिसात अर्ध्या मिलिमीटरसाठी मिटिंगा घेते. हा मिलिमीटरहून जास्त होता, आणि वर्षभर मी त्याच्यासमोर बसून गाडी चालवत होते.

"तुझे वडील काचा बसवायचे?" वॉल्टनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "एकतीस वर्षं. बसच्या."

"मग त्यांना आत्ता फोन कर. न बघता ओळखणारा माणूस मी आयुष्यात दोनदा बघितलाय. त्यांना सांग, वॉल्ट असं म्हणाला."

मी सांगते म्हटलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. बर्फ भुरभुरत होतं. आत कानस घासल्याचा आवाज येत होता. बाबांना फोन करता येणार नाही, हे त्याला कसं सांगायचं ते मला सुचेना. म्हणून मी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे संध्याकाळ असताना, मी व्हिडिओ कॉल केला. आईनं फोन बाबांच्या समोर धरला. त्यांची दाढी वाढली होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी म्हटलं, "बाबा, तुमचंच बरोबर होतं. पत्र्यात उंचवटा निघाला. मसुराएवढा. मी स्वतः हात लावून बघितला." फोटोही दाखवला. ते माझ्याकडे बघत होते की फोनच्या कडेकडे, ते मला कळलं नाही. एकदा त्यांच्या घशातून आवाज आला.

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी चैत्रालीकडं मी..."

आईनं फोन स्वतःकडे वळवला. "हे आता नको बोलू. जे होतं ते तिथंच बोलायचं होतं."

"आई, त्यांना शोरूममधलं कळलं नव्हतं ना? ब्रायनशी मी काय बोलले ते?"

आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. "त्यायले इंग्रजी कळत नाही असं वाटते तुले? एकतीस वर्षं इंग्रजीतली मॅन्युअलं वाचली त्यायनं. तूच लहानपणी शब्द विचारत होती त्यायले." मग ती म्हणाली, "त्या रात्री झोपताना फक्त एवढं म्हणाले, पोरीचं चुकलं नाही कमला, तिथं तिले एकटीले राहायचं आहे."

मी विचारलं, "आत्ता मी जे सांगितलं, ते त्यांना समजलं का?"

"डॉक्टर म्हणते, थोडंथोडं समजते," आई म्हणाली. "मले नाही वाटत."

त्या आठवड्यात मी चैत्रालीला खरं सांगितलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये, कॉफीचा कप हातात धरून. माझे वडील इंजिनियर नव्हते, काच फिटर होते. मला वाटलं होतं ती दुखावेल, निदान गप्प होईल. ती म्हणाली, "अगं, मग त्यात काय? एवढंच ना?" आणि माझ्या दंडावर हात ठेवला. तिनं ते मनापासून म्हटलं. पण मला तिथं बसवेना. नऊ वर्षं मी जे सांभाळलं होतं, ज्याच्यासाठी बाबांनी त्या टेबलावर स्वतःचं सगळं आयुष्य 'आठवत नाही' म्हणून टाकलं होतं, त्याची एवढीच किंमत होती. ती पहिल्या दिवशी काय म्हणाली असती, ते मात्र मला आजही माहीत नाही.

मंजुरी फेब्रुवारीत आली. तिसऱ्या दिवशी मी नागपूरला पोचले. बाबा समोरच्या खोलीत खाटेवर होते. माझ्याकडे बघून त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. आई म्हणाली, कोणी आलं की येते, दूधवाला आला तरी येते.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी खाटेपाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. मंडळातलं, चैत्रालीकडचं, ब्रायनला 'नो' म्हटलेलं, वॉल्टचा निरोप. एकही गोष्ट गाळली नाही. माझं बोलणं संपल्यावर त्यांचा डावा हात पांघरुणाखालून हलला. हळूहळू वर यायला लागला, माझ्या दिशेनं. मी डोकं पुढे केलं. हात माझ्या केसांना लागून पुढे गेला आणि पांघरुणाची कड ढकलायला लागला.

आईनं दारातून बघितलं. "गरम होऊन राहिलं त्यायले," ती म्हणाली आणि येऊन पांघरूण काढून टाकलं.

मी नऊ दिवस होते. त्यांना चमच्यानं भरवलं, कूस बदलली, दाढी केली. रोज काही ना काही बोलत राहिले. ते ऐकत असावेत. निघायच्या दिवशी ते झोपले होते. आई म्हणाली, उठवू नको, आत्ताच डोळा लागला.

वॉल्टनं बसवलेली काच अजून धड आहे. या हिवाळ्यात ती उणे वीसपर्यंतची थंडी सोसून गेली. रविवारी सकाळी मी फोन करते, आई कॅमेरा त्यांच्याकडे वळवते आणि मी आठवडाभराचं सांगते. ते बघतात. मग आई म्हणते, "पुरे आता, थकले ते," आणि आम्ही फोन ठेवतो.